धोंड्याचं वाण आणि दोन वूफर

जावयाला काय द्यावं, हा प्रश्न वैजनाथ सरांना पडला तेव्हा धोंड्याचा महिना लागायला अजून बराच अवकाश होता. प्रश्न वेळेच्या आधी पडायचे, ही त्यांची जन्माची खोड. उत्तरं मात्र वेळ टळून गेल्यावर सुचायची, आणि मधल्या काळात दुसऱ्याच कुणाच्या तरी सल्ल्यानं काहीतरी होऊन बसलेलं असायचं.

'सर' ही पदवीसुद्धा तशीच होऊन बसलेली. ते पाथर्डीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वर्गावर कधी गेले नाहीत, खडू हातात धरला नाही. पण कॉलेजच्या फाटकातून चष्मा लावून बाहेर पडणाऱ्या माणसाला पाथर्डीत सर म्हणतात. सुरुवातीला ते "मी सर नाही, ग्रंथपाल" असं सांगत. समोरचा "बरं सर" म्हणे. शेवटी त्यांनी नाद सोडला, पण आपण दुसऱ्याचा कोट घालून हिंडतोय असं त्यांना निवृत्तीनंतरही वाटत राहिलं.

जावई हर्षलराव पुणतांब्याचे. गोदाकाठची काळी जमीन, पेरूची बाग, स्वभावानं सरळ, आणि न बोलण्यात सरांच्याही वरताण. ते आले की दोघं बैठकीत समोरासमोर बसत.

"बाग काय म्हणते?" सर विचारत.

"बरी हाय."

"पाणी?"

"हाय."

मग दोघंही पंख्याकडे बघत. त्या पंख्याला बसवणाऱ्यानंसुद्धा इतकं निरखून पाहिलं नसेल. जेवण झालं, की हर्षलराव "निघतो मामा" म्हणून उठत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासुरवाडीला त्यांनी एक रात्र काढली नव्हती. सुकन्या माहेरपणाला यायची ती एकटी, एसटीनं. सरांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणायच्या, "जावई आपल्या घराला बिचकतो. बिचकंल नाही तर काय? समोर तुम्ही बसता परीक्षेला बसल्यासारखे."

गेल्या धोंड्याला सरांनी स्वतःच्या मनानं भेट निवडली होती. शेतीच्या इतिहासाचे सात खंड, कापडी बांधणी. पुढे पुणतांब्याला गेले तेव्हा ते त्यांना टीव्हीखाली सापडले. टीव्ही चांगल्या उंचीवर आला होता. वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यामुळे निदान पुस्तकांना धूळ लागली नाही, असं सरांनी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही.

आणि मग दिवाळीत तो चमत्कार झाला.

लेक-जावयाला निरोप द्यायला सर गाडीपाशी उभे होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्याच्या चपट्या डब्याकडे बोट दाखवलं. "हे काय बसवलंय?"

हर्षलराव थबकले. गाडीला लावलेली किल्ली त्यांनी परत काढली.

"अ‍ॅम्प्लिफायर हाय मामा. आवाजाला ताकद देतो. पन नुसत्या ह्याच्यानं भागत न्हाई. मागं डिकीत सबवूफर पाहिजे, जाड आवाजाचा मोठा स्पीकर. ढोलाचा ठोका छातीत बसला पाहिजे, कानात न्हाई. अजून घेतला न्हाई मी. ह्याला मानवंल असाच घ्यावा लागतो, उगं कोनताबी चालत न्हाई. चुकीचा घेतला की वाटोळं."

ते बोलत राहिले. डिकी उघडून दाखवली. हातानं माप दाखवलं. तोंडानं ठोका वाजवून दाखवला. सुकन्या गाडीत बसून अवघडली, पुष्पावतीबाई दारात उभ्या राहून दमल्या, आणि सर मान डोलावत राहिले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण हा माणूस बोलतो, आपल्याशी बोलतो, आणि बोलताना लहान मुलासारखा दिसतो, एवढं कळलं. गाडी वळणाआड गेली तेव्हा त्यांचं ठरलं होतं. धोंड्याला वूफर द्यायचा.

इथं त्यांनी जावयालाच फोन करून "कोणता घेऊ?" असं विचारलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण वाण असं विचारून देतात का? आणि खरं सांगायचं तर, फोन लावून पहिलं वाक्य काय म्हणायचं हेच त्यांना सुचेना.

त्यांनी सुकन्येला गुपचूप सामील करून घेतलं. "त्या डब्यावरचं नाव आणि आकडे दिसतील असा फोटो पाठव." तिनं आधी बॅटरीचा फोटो पाठवला. मग जॅकचा. तिसऱ्या फोटोत सीटखाली हरवलेली तिची एक चप्पल होती आणि खाली लिहिलं होतं, 'बाबा, तुमच्यामुळे सापडली.' चौथ्यात अ‍ॅम्प्लिफायर आला. वरचे आकडे सरांनी भिंगातून वाचले. मग कॉलेजच्या ग्रंथालयात भौतिकशास्त्राची पुस्तकं बघायला गेले.

तिथं नव्या ग्रंथपाल बाईंनी त्यांना नम्रपणे अडवलं. बाहेरच्या माणसाला पुस्तक द्यायचं तर दोन प्राध्यापकांची शिफारस लागते, असा नियम होता.

"हा नियम कुणी केला?" सरांनी सहज विचारलं.

बाईंनी नियमांच्या फळ्याकडे बोट केलं. खाली सरांचीच सही होती. सर शिफारशी आणायला मुकाट्यानं स्टाफरूमकडे वळले. आयुष्यात आपण एकच गोष्ट ठामपणे केली आणि तीही आपल्यालाच आडवी आली, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

पण अभ्यास मात्र त्यांनी मन लावून केला. सुकन्येचं लग्न ठरवताना केली नव्हती एवढी चौकशी त्यांनी त्या डब्याची केली. वूफरवर ओहम नावाचा एक आकडा असतो. तो जितका लहान, तितका वूफर अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त ओढून घेतो. हर्षलरावांचा डबा चार ओहमपर्यंत सोसणारा होता. त्याच्या खाली गेलं की तो तापणार आणि जळणार. म्हणजे चार ओहमचा एक वूफर, झालं. दोन घेतले आणि शेजारी-शेजारी जोडले, तर दोघं मिळून चाराचे दोनच ओहम होतात, आणि ते त्या डब्याला सोसायचे नाहीत. इतकं स्वच्छ गणित सरांच्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं. त्या रात्री ते समाधानानं झोपले. सकाळी चहा पिता पिता त्यांनी पुष्पावतीबाईंना सांगितलं, "एक वूफर घ्यायचा. चार ओहमचा."

"एक?" बाईंनी बशी खाली ठेवली.

"एकच लागतो."

"अहो, धोंड्याचं वाण आहे. मुलगी-जावयाला लक्ष्मी-नारायण म्हणून जोडीनं पाटावर बसवायचं, दिवे जोडीनं ओवाळायचे, आणि पुढ्यात एकच भोपळा ठेवायचा? एकटी वस्तू वाणाला देत नाहीत. लोक तोंडात शेण घालतील."

"पण दोन घेतले तर आकडा निम्मा होतो."

"निम्मा कसा होईल? एकाचे दोन झाले की दुप्पट होतात. एवढं मला न शिकता कळतं."

सरांनी ओहमचं गणित समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण स्वतःच्या तोंडून ऐकताना ते त्यांनाच खोटं वाटू लागलं. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. पुस्तकात डोंगरासारखी वाटणारी गोष्ट त्यांच्या तोंडातून बाहेर पडताना मातीचं ढेकूळ होऊन पडायची.

शेजारचे गहिनीनाथ तेवढ्यात पेपर मागायला आले. गहिनीनाथ ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. सीझन संपवून नुकतेच कारखान्यावरून परतलेले, आणि पुढच्या सीझनपर्यंत आख्ख्या गल्लीला सल्ला द्यायला मोकळे.

"सर, तुमी पुस्तकातलं बोलताय," सगळं ऐकून ते म्हणाले. "उसाच्या ट्रॅक्टरला किती ट्रॉल्या असत्यात?"

"दोन."

"एक लावून कुनी जातंय का?"

"नाही."

"मग! एक ट्रॉली वढनारा ट्रॅक्टर दोन वढतोच की. न्हाई वढला तर त्यो ट्रॅक्टरच न्हवं. तुमाला जावयाच्या मशिनीवर भरवसा न्हाई का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? 'नाही' म्हटलं तर जावयाचा अपमान. सर गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला 'हो' समजायची घरात आणि गल्लीत जुनी रीत होती.

तरी एक तोड त्यांना पुस्तकातच सापडली. दोन वूफर शेजारी-शेजारी न जोडता एका तारेत एकामागून एक ओवले, म्हणजे एकातून निघालेली तार दुसऱ्यात नेली, तर आकडे मिळवले जातात. चार आणि चार आठ. आवाज थोडा कमी, पण धोका शून्य. जोडीही राहते आणि डबाही राहतो! सर इतके खूश झाले की त्यांनी कधी नव्हे ती जास्तीची साखर मागितली. आता फक्त जोडणाऱ्याला एक वाक्य सांगायचं राहिलं होतं.

वूफर आणायला नगरला जायचं ठरलं तेव्हा गहिनीनाथ आपण होऊन निघाले. "तुमाला फशिवतील. घोडेगावच्या बाजारात मी जितकं बैल पारखलं तितकी तुमी पुस्तकं न्हाई वाचली."

गाड्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानाचा मालक करण, केसांना चकचकीत काहीतरी लावलेला. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, बेस कसा पाहिजे? घुमणारा का ठोकणारा?"

सर ओहमची तयारी करून आले होते. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. "तो... छातीत बसणारा," त्यांनी आठवून सांगितलं. करणनं बटण दाबलं. दुकानाची काच थरथरली, सरांची कवळी थरथरली, आणि त्यांनी घाईनं तोंड मिटलं.

"चार ओहमचा आहे ना?" आवाज थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"चार घ्या, दोन घ्या, सगळं बसतंय काका. टेन्शन नका घेऊ."

एवढ्यात गहिनीनाथांनी तपासणी सुरू केली होती. त्यांनी एका वूफरच्या काळ्या पडद्यावर तळवा ठेवला, दाबून सोडला. मागं जाऊन बघितलं. बोटानं टिचकी मारली, कान लावला. मग दुसरा. "डावा जरा नरम वाटतोय," ते म्हणाले. "जोडी सारखी पाहिजे. एक जोरात वढनारा आन एक दमनारा, आसं झालं की औत वाकडं जातं. दुसरा दाखवा."

करणनं आत जाऊन तोच खोका परत आणला, असा सरांना संशय आला. गहिनीनाथ मात्र खूश झाले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, करणच्या हातावर टाकला आणि पंच्याखालून त्याची बोटं पकडली. बाजारात जनावराचा भाव असाच ठरतो, बोटं दाबून, मुकाट्यानं, तिसऱ्याला कळू न देता. करणला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हात सोडवत ओरडला, "अहो काका, काय करताय! हात सोडा!" दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. सरांनी भिंतीवरच्या हॉर्नच्या रांगेचं बारकाईनं निरीक्षण सुरू केलं. बाहेर आल्यावर गहिनीनाथ म्हणाले, "कच्चा हाय पोरगा. पयल्याच बोटाला घाबरला."

येताना एसटीत आणखी एक पेच उभा राहिला. कंडक्टरनं सीटवरचे दोन खोके बघून विचारलं, "हे वाद्य हाय का यंत्र?"

"का बरं?" सरांनी विचारलं.

"वाद्य आसलं तर मांडीवर घ्या, तिकीट न्हाई. यंत्र आसलं तर लगेज."

असा नियम खरोखर होता की कंडक्टरनं तो तिथंच जन्माला घातला, हे सांगता येत नाही. पण सर विचारात पडले. वाद्य म्हणावं तर ते स्वतः वाजत नाही. यंत्र म्हणावं तर काही बनवत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे ही शंका बोलून दाखवली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, आमाला घरी जायचंय!" शेवटी कंडक्टरनं वैतागून एक वाद्य आणि एक यंत्र धरलं. सर एक वूफर मांडीवर घेऊन आणि एकाचं तिकीट खिशात घालून घरी आले. तो सबंध प्रवास त्यांना आपण लेकराचे लाड करत चाललोय असं वाटत होतं.

जेवणाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सुकन्येचा फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ह्या वेळी हे दोन दिवस राहायचं म्हणतायत. स्वतःहून म्हणाले. बॅगसुद्धा त्यांनीच भरली."

सरांनी फोन ठेवला. मग त्यांनी पाहुण्यांच्या खोलीतली पुस्तकांची थप्पी हलवली, पलंगाला नवी चादर घातली, ती वाकडी वाटली म्हणून काढून परत घातली. दोन दिवस. म्हणजे दोन संध्याकाळी गाडीत शेजारी बसून मोहट्याच्या देवळाच्या रस्त्यानं चक्कर. ढोलाचा ठोका छातीत. आपण विचारू, "हे कसं चालतं हो?" आणि हर्षलराव सांगत राहतील. त्यांनी ते विचारण्याची तालीमही करून ठेवली.

हर्षलराव आले. पुरणाचे धोंडे शिजत होते, तुपाचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. पुष्पावतीबाईंनी लेक-जावयाला पाटावर बसवलं आणि पूजा मुद्दाम लांबवली. बाहेर सुकन्येनं आधीच पळवलेल्या किल्लीनं गाडी उघडून सूर्यभान कामाला लागला होता. सूर्यभान उसाच्या ट्रॅक्टरांना मोठाले टेप बसवून देतो. गहिनीनाथांचा माणूस. त्याचा टेप एका गावात लागला की दुसऱ्या गावातले बैल चालायला लागतात, अशी त्याची जाहिरात.

सर अनारशांचं ताट आत ठेवून लगबगीनं बाहेर आले. त्यांचं वाक्य तयार होतं. 'सूर्यभान, हे दोन एका तारेत ओवायचे, शेजारी-शेजारी जोडायचे नाहीत.' रात्रभर पाठ केलेलं. पण डिकीत वाकलेल्या सूर्यभानची पाठ एवढी रुंद होती, आणि गहिनीनाथ शेजारी कमरेवर हात ठेवून असे उभे होते, की वाक्य घशातून निघताना वाकलं.

"सूर्यभान, हे दोन्ही एका तारेत ओवले, तर कसं राहील?"

सूर्यभाननं मान वर केली. "तसं जोडता येतंय सर. पन आवाज मरतो. न्हाई दम राहत."

"थोडासाच कमी होतो, असं..."

"आता काय सर," गहिनीनाथ मध्येच म्हणाले, "आयुष्यात एकदा जावयाला काय देताय, ते बी मेलेलं?"

"नाही, म्हणजे डब्याला ते सोसणार..."

"आख्ख्या सीझनमधी मी चाळीस ट्रॅक्टर जोडलं," सूर्यभान म्हणाला. "एक जळला न्हाई."

ट्रॅक्टरवरचे डबे निराळे असतात, हे सरांना माहीत होतं. ते त्यांनी वाचलं होतं, पान आठवत होतं. पण समोर चाळीस ट्रॅक्टर उभे होते आणि आपल्याकडे एक पान. चुकत असेल आपलंच, असं त्यांना वाटलं. हे त्यांना नेहमीच वाटायचं, आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नसे. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले, आणि लाल तार लाल तारेला, काळी काळीला लागली.

जेवण झालं. हर्षलरावांनी धोंडे पोटभर खाल्ले, शिवाय "मामी, अजून एक," असं स्वतःच्या तोंडानं मागितलं. पुष्पावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळी वरात गाडीपाशी आली. डिकी उघडली. आत नव्या ब्लाउजपीसच्या झालरीत, हळदीकुंकू लावलेले दोन काळे वूफर बसले होते.

हर्षलराव बघतच राहिले. "मामा, हे..."

"धोंड्याचं वाण," सर म्हणाले. आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांनी वाकून झालरीची घडीच नीट केली.

हर्षलरावांच्या तोंडावर दिवाळीतलं ते हसू आलं. वाकून तारा बघायचंही त्यांना सुधरलं नाही. ते पुढे जाऊन बसले, दार उघडून म्हणाले, "मामा, या, शेजारी बसा," आणि बटण दाबलं.

पहिल्या ठोक्याला समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. दुसऱ्याला पुष्पावतीबाईंच्या हातातल्या ताटातला दिवा विझला. गल्लीतली भांडी खणखणली. गहिनीनाथांनी दोन्ही हात वर करून "लई भारी!" अशी आरोळी ठोकली, ती कुणाला ऐकू आली नाही. आणि सर जावयाच्या शेजारी बसून होते. ठोका खरंच कानात नव्हता. तो छातीत होता, बरगड्यांच्या आत, जिथं इतकी वर्षं काहीच वाजलं नव्हतं. हर्षलरावांनी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी भुवया उडवून उत्तर दिलं.

आणखी थोडा वेळ हे चाललं असतं तर काय झालं असतं, हा विचार सर अजून करतात.

आधी वास आला. रबर आणि तळलेल्या कांद्यासारखा. सर तो ओळखणार होते, ओळखलाच होता, पण बोलायचं कसं, जावई इतका आनंदात असताना? मग सीटखालून धुराची एक बारीक रेघ निघाली, सरळ, उदबत्तीसारखी. ठोका अडखळला, एकदा खाकरला आणि बंद पडला. गल्लीत इतकी शांतता झाली की आत गॅसवरच्या चहाचं आधण ऐकू आलं.

हर्षलराव खाली उतरले, डिकीत वाकले, तारा बघितल्या, आणि ताठ उभे राहून ओरडले.

"अहो मामा! एक शब्द इचारायचा हुता मला! दोन चार-चारचे एकत्र टाकलं, दोन झालं त्याचं! कसं टिकंल? मी मुद्दाम थांबलो हुतो इतकं दिवस! एक फोन करायचा ना मानसानं!"

धोंड्याच्या दिवशी, गल्लीच्या मधोमध, जावई सासऱ्यावर ओरडला. पुष्पावतीबाईंनी तोंडाला पदर लावला. सुकन्या "अहो, हळू" म्हणत रडायला लागली. गहिनीनाथ आकाशात बघत पुटपुटले, "मशिनच कच्चं हुतं," आणि सूर्यभान हत्यारं पिशवीत भरू लागला.

सरांना मात्र एक विचित्र गोष्ट जाणवली. आपल्याला राग आला नव्हता. या माणसानं पंख्याकडे न बघता, सरळ आपल्या डोळ्यांत बघून, घरच्या माणसावर ओरडावं तसा आवाज चढवला होता. याला उत्तर द्यायला हवं होतं. 'चुकलो' म्हणायला हवं होतं, किंवा 'मग आता काय करायचं?' असं विचारायला हवं होतं, किंवा त्याच्यासारखंच ओरडायला हवं होतं. सरांनी तोंड उघडलं.

"चहा घेता ना?" ते म्हणाले.

हर्षलरावांचा चेहरा बघता बघता मिटला. ओशाळून त्यांनी मान खाली घातली. "न्हाई मामा. चुकलं माझं. जाऊ द्या. चालतंय." आणि नंतर, "निघतो मामा."

बॅग खाली उतरलीच नव्हती. डिकी रिकामी करून द्यायची म्हणून वूफर काढले, ते ओसरीवर ठेवले. अनारशांचा डबा, नवं धोतर, साडी असं सगळं डिकीत गेलं. गाडी आवाज न करता गेली. आत नवी चादर तशीच पलंगावर होती.

पुढे काही दिवस गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणे मशीन कच्चं होतं, दुसरा म्हणे जावई. वूफर कच्चे होते असं कुणीच म्हणत नव्हतं. ते ओसरीवर जोडीनं बसलेले होते आणि संध्याकाळी गहिनीनाथ त्यातल्या उजव्यावर बसून पेपर वाचत. डावा नरम असल्याचं त्यांचं मत अजून कायम होतं. पुष्पावतीबाई नवऱ्याला रोज सकाळ-संध्याकाळ एकच सांगत, "फोन करा त्यांना. तुम्ही करा. मी केला तर मामीला काय, गोड बोलतील."

सर मनात वाक्यं रचत राहिले. 'पुन्हा कधी येता?' हे फार आगाऊ वाटलं. 'रागावलात का?' याला कुणी 'हो' म्हणत नाही. शेवटी एक सुरक्षित वाक्य सापडलं आणि एका दुपारी त्यांनी फोन लावला. सुकन्येनं उचलला. "थांबा बाबा, हे इथंच आहेत," म्हणून तिनं लगेच नवऱ्याच्या हातात दिला. फोनची वाट बघत ते शेजारीच बसले असावेत, इतका लगेच.

"मामा, त्या दिवशी मी जरा..." हर्षलराव सुरू झाले.

"छे छे छे," सरांनी घाईनं तोडलं. दुसऱ्यानं माफी मागितलेली त्यांना सहन होत नसे. "मी म्हटलं, ते वूफर. दुकानदार परत घेत नाही म्हणतो. त्यांचं आता काय करावं?"

 हर्षलराव बोलू लागले. आधी हळूहळू, मग भराभर. अ‍ॅम्प्लिफायर दुसरा घेता येईल, दोन ओहम सोसणारा. नाहीतर जळलेला डबाच दुरुस्त करून एकच वूफर ठेवायचा. नाहीतर तारा अशा ओवायच्या, की चार अधिक चार आठ. ते सांगत होते, मध्येच थांबून "ऐकताय ना मामा?" म्हणत होते, तोंडानं ठोका वाजवून दाखवत होते. सर फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होते. हे संपू नये, असं त्यांना वाटत होतं.

"आता हे फोनवर काय डोक्यात शिरायचं न्हाई तसं," शेवटी हर्षलराव म्हणाले. "समोर बसून, तारा हातात घेऊन दाखवावं लागतं. तुमाला समजलं का काय?"

सर खुर्चीत ताठ झाले. सबंध प्रकरणात सगळ्यांनी त्यांना अडाणी ठरवलं होतं, बायकोनं, शेजाऱ्यानं, ट्रॅक्टरवाल्यानं. आणि ही एकच गोष्ट होती जी त्यांना आधीपासून, अगदी पान नंबरासकट, येत होती.

"समजलं की," ते म्हणाले. "मला ते आधीच माहीत होतं."

"आधीच?"

"पुस्तकात होतं."

 पलीकडे कुठंतरी पाण्याची मोटर चालू असावी.

"बरं," हर्षलराव म्हणाले. "मग ठेवू का मामा?"

"ठेवा."

पुष्पावतीबाई सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय म्हणाले?"

"सगळं नीट समजावून सांगितलं. बराच वेळ बोलले."

"येतायत का?"

"तसं काही... समोर बसून दाखवावं लागतं, म्हणत होते. पण मी म्हटलं, समजलं मला."

बाईंचा हात सुपात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला समजायला कुणी सांगितलं होतं?"